घोडा शिकवायचाय आणि बराही करायचाय? खान्देशातल्या पोरापोरींनी सुरुवात कुठून करायची

दत्तजयंती जवळ आली की सारंगखेड्याच्या यात्रेचे व्हिडिओ फिरायला लागतात, तापीकाठचे ते मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे पांढरे नुकरे, कोणी रेवाल म्हणजे जलद पण न हिंदकळणाऱ्या चालीत निघालाय, कोणी मागच्या दोन पायांवर उभा आहे, आणि मग शहादा, दोंडाईचा, शिरपूर, अमळनेर इकडची पोरं विचारायला लागतात की भाऊ, घोड्याचा ट्रेनर व्हायचंय, कोर्स कुठे आहे. काही जण पुढे जाऊन विचारतात की झाडपाल्याचं औषधपाणी पण शिकायचंय, नॅचरल पद्धतीने जनावर बरं करायचं. आता मुलीही विचारतात याचा मला जास्त आनंद आहे. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे ही दोन कामं वेगळी समजू नका. मालक घोडा घेऊन येतो आणि म्हणतो की हा चावतो, हा पाठीवर बसू देत नाही, हा लगाम घातला की मान उडवतो, "हाई घोडं आडमुठं शे, याले सरळ करी दे". आणि नीट बघितलं तर बऱ्याच वेळा त्याचं काहीतरी दुखत असतं. दात टोचतोय, खोगीर पाठीच्या कण्यावर घासतंय, खूर वाढून वाकडं झालंय, पोटात अल्सर आहे. अशा घोड्याला चाबूक दाखवून शिकवायला गेलात तर तो एक तर घाबरून गप्प होईल किंवा एक दिवस कोणाचं तरी हाड मोडेल. म्हणजे ट्रेनरला आधी दुखणं ओळखता आलं पाहिजे, आणि ज्याला बरं करायचंय त्याला घोडा शांत उभा करता आला पाहिजे, नाहीतर तो जखमेला हात तरी कसा लावणार. आपल्याकडचे जुने चाबूकस्वार (घोडा शिकवणारे) आणि चांगले मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारे) ही दोन्ही कामं एकाच हाताने करायचे.

आधी नुसतं बघायला शिका

सुरुवातीचे काही महिने पाठीवर बसायची घाई करू नका. जवळपास कोणाकडे वरातीची घोडी असेल, स्टड फार्म असेल, साक्रीकडच्या मेंढपाळांची ओझ्याची तट्टं असतील, तिथे जाऊन लीद काढा, पाणी भरा, खरारा करा म्हणजे ब्रशने अंग घासा. खरारा हे हलकं काम वाटतं पण त्यातच सगळं आहे, हात रोज अंगावरून फिरला की कुठे गरम लागतंय, कुठे सूज आहे, कुठे हात लावला की कातडी थरथरते हे बोटांना कळायला लागतं. पुढच्या पायांच्या नळीवरून, म्हणजे गुडघ्याखालच्या सरळ हाडावरून, रोज हात फिरवा. आज डावी उजवीपेक्षा गरम आहे हे ज्याला कळतं तो घोडा लंगडायच्या आधीच त्याला विश्रांती देतो.

घोडा जगाकडे कसा बघतो तेही समजून घ्या. डोळे बाजूला असल्याने त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या बरोबर मागचं दिसत नाही, म्हणून मागून गुपचूप जाऊ नका, तोंडाने आवाज करत, खांद्याच्या बाजूने तिरके जा. तो पळून जीव वाचवणारा प्राणी आहे, लाथ मारतो ते पळायला जागा मिळाली नाही म्हणून. आणि तो माणूस फार बारीक वाचतो. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो म्हणून गाजला होता, 1907 साली ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने शोधून काढलं की घोडा विचारणाऱ्याचं डोकं आणि चेहरा किती बारीक हलतो ते बघून टापा मारायचा थांबत होता, आणि विचारणाऱ्याला स्वतःलाच कळत नव्हतं की आपण हललो. त्यामुळे तुम्ही रागात असाल, घाईत असाल, भांडून आला असाल तर त्या दिवशी नुसता चारा टाका आणि घरी जा, शिकवायचं उद्या.

आता आकडे पाठ करा, हे आले नाहीत तर पुढचं काहीच करू नका. आरामात उभ्या मोठ्या घोड्याचं तापमान साधारण 99 ते 101.5 फॅरनहाइट, नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास मिनिटाला 8 ते 16. नाडी जबड्याच्या खालच्या कडेला लागते, बोटाने रक्तवाहिनी हलकी दाबून 15 सेकंद मोजा आणि चारने गुणा. ओठ वर करून हिरडी बघा, गुलाबी आणि ओली पाहिजे, अंगठ्याने दाबली की पांढरी होते आणि 2 सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला पाहिजे. पोटाला दोन्ही कुशींवर कान लावा, आतून गुडगुड आवाज यायलाच पाहिजे. घोड्याचं पोट गप्प असणं ही वाईट बातमी असते. हे सगळं घोडा चांगला असताना रोज मोजून ठेवा म्हणजे बिघडला की फरक लगेच कळतो.

चेहरा वाचायला शिका. 2014 मध्ये संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरून दुखणं ओळखायची पद्धत मांडली, त्यात सहा खुणा आहेत, कान ताठ मागे ओढलेले, पापणी अर्धी मिटलेली, डोळ्याच्या वरचा भाग ताणलेला, गालाचे स्नायू आवळलेले, तोंड आवळून हनुवटी पुढे आलेली, नाकपुड्या ताणलेल्या. यात्रेत जाल तेव्हा नाचाकडे नको, अर्धा तास नुसत्या चेहऱ्यांकडे बघा. मारवाडीचे कान टोकाशी आत वळलेले असतात ते सुंदर दिसतात, पण ते पुढे आहेत, मागे आहेत की मागे दाबून मानेला चिकटलेत हा फरक ओळखता आला पाहिजे.

शिकवायच्या आधीची तपासणी

कोणताही घोडा हातात आला की क्रम असा ठेवा. आधी तोंड. घोड्याचे दात झिजत झिजत वर येत राहतात, वरच्या दाढांना गालाच्या बाजूला आणि खालच्या दाढांना जिभेच्या बाजूला धार येते आणि तोंड आतून कापतं. दाण्याचे घास खाली सांडतोय, चाऱ्याचे गोळे तोंडातून टाकतोय, लगाम एका बाजूला ओढला की डोकं उडवतोय, तर डॉक्टरांकडून दात घासून घ्या, वर्षातून एकदा तरी बघायलाच पाहिजे. दातावरून वयही कळतं. समोरचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना बदलायला लागतात आणि पाचव्या वर्षी तोंड पूर्ण भरतं. बाजारात "चार वर्षांचा आहे" म्हणून दाखवलेलं शिंगरू खरं किती आहे ते इथे कळतं. लोक अंगावरचे केसांचे भोवरे बघतात, पंचकल्याण म्हणजे चार पाय आणि कपाळ पांढरं आहे का बघतात, देवमन म्हणजे गळ्यावरचा शुभ भोवरा बघतात, ज्याची त्याची श्रद्धा, पण दात, खूर आणि डोळे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

मग पाठ. कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत मागे जा, कुठे तो खाली दबतो, शेपूट झटकतो, कान मागे टाकतो ते बघा. आपल्याकडे एकच खोगीर दहा घोड्यांवर टाकतात आणि पाठीवर पांढरे केस आलेले असतात. ते पांढरे डाग म्हणजे तिथे आधी कातडी मेलेली आहे, ही जन्मखूण नाही. मग खूर. महिन्याला साधारण पाऊण ते एक सेंटिमीटर वाढतं, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी तासायला पाहिजे. चांगला नालबंद शोधा आणि त्याच्या हाताखाली बसा, खान्देशात चांगले नालबंद फार थोडे उरलेत आणि ज्याला हे काम येतं त्याला काम शोधावं लागत नाही. पावसाळ्यात चिखलात उभ्या घोड्याच्या खुराच्या तळाला मऊ त्रिकोणी भाग असतो तो काळा पडून घाण वास मारतो, तिथे औषधाच्या आधी कोरडी जागा पाहिजे आणि रोज खूर खरवडायला पाहिजे.

वजन काढायला काटा लागत नाही. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी मोजून तिने गुणा आणि 11,880 ने भागा, किलो येतात. घेर 170 आणि लांबी 150 असेल तर साधारण 365 किलो. आता बघा, घोड्याने स्वतःच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त ओझं उचलू नये असं मानतात, म्हणजे या घोड्यावर खोगीर धरून 73 किलो. नवरदेव 90 किलोचा असेल तर मालकाला स्पष्ट सांगा.

शिकवणं

सगळं शिक्षण एका गोष्टीवर उभं आहे, दाब द्यायचा आणि घोड्याने बरोबर प्रयत्न केला त्याच क्षणी दाब सोडायचा. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटल्याने शिकतो. म्होरकीची दोरी हलकी खाली ओढून धरली, त्याने मान जराशी खाली केली, लगेच दोरी ढिली. उशिरा सोडली, समजा चार-पाच सेकंदांनी, तर तोपर्यंत त्याने मान परत वर केलेली असते आणि तो तेच शिकतो. हात जितका जलद सुटतो तितका ट्रेनर चांगला. अमेरिकेत टॉम डॉरन्स, रे हंट या माणसांनी हीच गोष्ट गुरं हाकायच्या घोड्यांबरोबर काम करताना मांडली आणि त्यालाच आता नॅचरल हॉर्समनशिप म्हणतात, नाव नवं आहे पण हलक्या हाताचा मोतद्दार हेच करत आलाय.

क्रम असा, की आधी म्होरकी घालू देणं, दोरीवर सोबत चालणं, थांबणं, मागे सरकणं, चारही पाय उचलू देणं. यातलं प्रत्येक डाव्या बाजूने झालं की उजव्या बाजूने पण करा, एका बाजूने शिकलेलं दुसऱ्या बाजूने त्याला नवीनच वाटतं. मग लांब दोरीवर गोल फिरवणं, पण शिंगराला फार वेळ लहान गोलात फिरवू नका, सांध्यांवर ताण येतो. मग घाबरायच्या वस्तू, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, छत्री, फटाके, डीजे, ट्रॅक्टर. इथे लोक एकदम डीजेसमोर बांधून टाकतात, सवय होईल म्हणून. सवय होत नाही, घोडा आतून बंद पडतो आणि एखाद्या वरातीत उधळतो. लांबून सुरू करा, इतक्या लांबून की त्याने कान टवकारले पण चारा खाणं सोडलं नाही, आणि तो सैल झाला, मान खाली आली, तोंड चघळायला लागला की तिथेच थांबवा, उद्या दोन पावलं जवळ. तोंडात गाजराचा तुकडा दिलात तर चालतो, फक्त खिशात तोंड घालायला लागला की देऊ नका.

पाठीवर कधी बसायचं हा मोठा प्रश्न. आपल्याकडे दीड-दोन वर्षांच्या शिंगरावर पोरं बसवतात कारण ते मोठं दिसतं. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वरची हाडाची वाढ अडीच वर्षांच्या आसपास पूर्ण होते आणि पाठीच्या कण्याची पाच वर्षांच्या पुढे जाते. म्हणून तीन वर्षांच्या आधी हलकं माणूससुद्धा नको, आणि भारी काम पाच नंतर. मालक घाई करेल, यात्रेत विकायचाय म्हणेल, तेव्हा तुम्ही ठाम राहिला पाहिजेत.

नाचवण्याबद्दल माझं मत साफ आहे. दोन खांबांमध्ये आवळून बांधून, पायांवर काठी मारत ढोलाच्या ठेक्यावर पाय उचलायला लावणं, खाटेवर पाय ठेवून उभं करणं, हे मी शिकवणार नाही आणि तुम्हीही शिकू नका. सारखं मागच्या पायांवर उभं राहून मागचे सांधे जातात. काटेरी लगाम तर 1965 च्या ओझ्याच्या जनावरांच्या नियमांनी बंद आहे, तरी बाजारात मिळतो. दिसला तर मालकाला शांतपणे सांगा की नाना, याने जीभ कापली जाते, साधा जाड गुळगुळीत लगाम घाला, घोडा जास्त ऐकेल. रेवाल चाल मात्र सुंदर गोष्ट आहे, ती मारवाडी, काठेवाडी घोड्याच्या रक्तातच असते, ती फुलवायला मोकळी पाठ आणि सैल मान लागते, मार लागत नाही.

चारापाणी हेच पहिलं औषध

नॅचरल हीलिंग म्हणून काय करायचं असं विचाराल तर मी म्हणेन सत्तर टक्के काम चाऱ्यात आणि मोकळं सोडण्यात आहे. घोड्याचं जठर लहान, 8 ते 15 लिटरचं, आणि त्यात आम्ल सतत पाझरत असतं, चघळताना लाळ सुटते तीच त्याचं रक्षण करते. म्हणून सकाळ-संध्याकाळ तोबऱ्यात हरभरा भरून दिवसभर रिकामं बांधून ठेवणं ही अल्सर आणि पोटदुखीची सोय आहे. दिवसाला वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा चारा पाहिजे, त्या 365 किलोच्या घोड्याला सात किलोच्या वर, थोडा थोडा, चार-पाच तासांपेक्षा जास्त उपाशी न ठेवता. ज्वारीचा चांगला कडबा बारीक करून, सुकं गवत, थोडा लसूणघास, दाणा कामाप्रमाणे. नुसता गव्हाचा कोंडा महिनोन् महिने घालू नका, त्यात फॉस्फरस जास्त असतो आणि हाडातला कॅल्शियम जातो.

आपल्या भागातले धोके आपल्याच पिकांत आहेत. मका बुरशी लागलेला असेल तर तो घोड्याला अजिबात नको, त्या बुरशीच्या विषाने मेंदू मऊ पडतो आणि घोडा आंधळ्यासारखा भिंतीला धडकत मरतो, बैल तोच मका खाऊन ठीक राहतो म्हणून लोकांना विश्वास बसत नाही. पोल्ट्रीचं किंवा गायीचं तयार खाद्य देऊ नका, काहींमध्ये मोनेन्सिन नावाचं औषध असतं, कोंबडीला चालतं, घोड्याचं हृदय त्याने निकामी होतं. ज्वारीची कोवळी हिरवी ताटं, एरंडाच्या बिया, शेतघराच्या दारात लावलेली कण्हेर, सगळं विष आहे, कण्हेरीची थोडी पानंसुद्धा जीव घेतात. कांदा पण नको. आणि वरातीत बायका प्रेमाने गूळ, लाडू भरवतात, हात जोडून थांबवा. धान्याच्या पोत्यात तोंड घालून पोटभर खाल्लेला घोडा दुसऱ्या दिवशी पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहिला आणि खूर गरम लागले तर खुराच्या आतला थर सुजलाय, लगेच डॉक्टर आणि तोपर्यंत पाय बर्फाच्या पाण्यात.

जळगाव-भुसावळकडचा मे महिना तर वेगळाच, पारा 45 च्या आसपास जातो. काम पहाटे, आठच्या आत संपवा, रोज थोडं मीठ, आणि पाणी 25 ते 45 लिटर, उन्हात काम असेल तर आणखी. तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकलं की तो आखडतो असं सगळीकडे सांगतात. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकच्या निमित्ताने यावर भरपूर काम झालं आणि दिसलं ते उलट, दमलेल्या, धापा टाकणाऱ्या घोड्यावर गार पाणी भरपूर आणि सारखं ओतलं तरच तो लवकर वाचतो. प्यायला पण द्या, थोडं थोडं करून.

हात कुठे लावायचा आणि कुठे थांबायचं

घरगुती उपायांत जे खरंच कामाचं आहे ते साधं आहे. मुका मार, ताजी सूज असेल तर नळीचं गार पाणी 15 ते 20 मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा. जखम धुवायला उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ, याच्यापेक्षा चांगलं धुवायचं पाणी नाही, कडुनिंबाचा पाला उकळून गाळलेलं पाणी पण वरवरच्या जखमेला चालतं. पायाच्या खालच्या बाजूची स्वच्छ केलेली जखम शुद्ध मधाने आणि कापसाच्या पट्टीने चांगली भरते. माश्या हटवायला कडुनिंबाचं तेल खोबरेलात मिसळून. बारीक अळ्या पडल्या तर कापूर आणि खोबरेल, पण जखम खोल असेल तर डॉक्टरच. मालिश शिका, मानेपासून पाठीपर्यंत तळहाताने हळू दाब देत, घोडा जांभई देतो, ओठ सैल सोडतो तिथे थांबा. आणि सोबत, घोड्याला दुसरा घोडा दिसला पाहिजे, नाहीतर निदान एखादी शेळी.

आता जे करायचं नाही ते. लंगडणाऱ्या पायाला डागणी देऊ नका, डागल्याने सांधा बरा होत नाही, वरून जळालेल्या कातडीचं दुखणं वाढतं आणि घोड्याला महिनाभर विश्रांती मिळाली म्हणून तो सुधारलेला दिसतो. जखमेवर जळकं ऑइल, रॉकेल, बॅटरीची पावडर नको. पायाच्या जखमेवर वाढलेलं लाल मांस जाळायला मोरचूद लावतात, तो चांगलं मांस पण जाळतो. खोल जखमेत हळद कोंबू नका, आत घाण बंद होते. लसूण ताकद येते म्हणून रोज मूठभर देतात, जास्त लसणाने लाल रक्तपेशी फुटतात. नाकात नळी घालून किंवा मान वर बांधून तेल पाजणं तर सगळ्यात घातक, घोडा फक्त नाकाने श्वास घेतो आणि त्याला उलटी होत नाही, ते तेल फुप्फुसात जातं. होमिओपॅथीच्या गोळ्यांबद्दल विचारतात, घोड्यावर त्याचा भक्कम पुरावा नाही, वेळ वाया घालवू नका. आणि गायीच्या कासेला कोरफड-हळद-चुन्याचा लेप चालतो म्हणून तो घोड्याला चालेलच असं धरू नका, गाय रवंथ करणारी, घोड्याचं पोट वेगळं, कातडी वेगळी.

पोटशूळ मात्र तोंडपाठ करा. पायाने जमीन खरडणं, वळून कुशीकडे बघणं, सारखं बसणं-उठणं, लोळणं, घाम, लीद बंद. चारा काढा, नाडी मोजा, वेळ लिहा, डॉक्टरला फोन करा, तोपर्यंत तो शांत असेल तर हळू चालवा. नाडी 60 च्या वर गेली, हिरडी जांभळट झाली तर एक मिनिट पण घालवू नका. सरकारी फिरत्या दवाखान्याचा नंबर 1962 आहे, तो आणि घोड्यावर उपचार करणाऱ्या जवळच्या डॉक्टरचा नंबर तबेल्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. सांध्याजवळची जखम, डोळा, खिळा रुतलेलं खूर, उभं राहता न येणं, हे सगळं तुमचं नाही, डॉक्टरचंच.

काही रोग तुमच्या जिवावर पण येतात. ग्लँडर्स या जंतूंच्या रोगात नाकातून चिकट पू, अंगावर गाठी फुटतात, लस नाही, माणसाला होतो, आणि जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या 2009 च्या कायद्याने तो कळवावाच लागतो. तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या देखरेखीत होते, म्हणून यात्रेत घोडा घेताना रक्त तपासणीचा दाखला मागाच. पावसाळ्यानंतर मोठ्या चावऱ्या माश्यांनी सर्रा हा रक्तातल्या परजीवींचा रोग पसरतो, ताप येतो-जातो, पाय आणि पोटाखाली सूज, खातो पण वाळत जातो. घोडा अचानक पिसाळल्यासारखा वागायला लागला, गिळता येत नसेल तर तोंडात हात घालून काय अडकलंय बघू नका, रेबीज असू शकतो. धनुर्वाताला घोडा फार नाजूक आहे, त्याची दरवर्षी लस, आणि तुमची स्वतःची पण घेऊन ठेवा.

कायदाही माहीत पाहिजे. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे आजाराचं निदान आणि उपचार नोंदणी असलेला पशुवैद्यकच करू शकतो. म्हणून बोर्डावर डॉक्टर लिहू नका, इंजेक्शन मारू नका, स्टेरॉइड, अँटिबायोटिक मेडिकलमधून आणून देऊ नका. तुमचं काम देखभाल, मालिश, खूर, चारा, वागणूक, आणि डॉक्टरने सांगितलेलं बरोबर पाळणं. एखादा चांगला पशुवैद्यक तुमच्यावर विश्वास ठेवायला लागला की तो स्वतः मालकांना तुमच्याकडे पाठवतो.

खरंच पुढे जायचं असेल आणि बारावीला बायोलॉजी असेल तर नीट (NEET) ही प्रवेश परीक्षा देऊन पशुवैद्यकीय पदवीच करा, साडेपाच वर्षं इंटर्नशिप धरून, नागपूरच्या माफसू म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ अशी कॉलेजं आहेत. ते शक्य नसेल तर पशुसंवर्धनाची पदविका, नाहीतर पुणे-मुंबईच्या रायडिंग क्लबात किंवा रेसकोर्सवर मोतद्दार म्हणून लागा, पगार सुरुवातीला कमी असतो पण रोज कितीतरी घोडे हाताखालून जातात. मारवाड-काठेवाडच्या स्टड फार्मवर एक सीझन राहून आलात तर भाषा पण कळते, घोडा पण. ब्रूक इंडिया ही संस्था नालबंदांना शिकवते, तिची माहिती काढा.

गावात काम सुरू करताना पहिली गिऱ्हाइकं वरातीवाले असतात. तुळशीच्या लग्नानंतर त्यांची धावपळ सुरू होते, त्यामुळे दिवाळीच्या आधीच जाऊन सांगा की आबा, सीझनच्या आधी सगळ्या घोड्यांचे दात, खूर, पाठ बघून देतो. फी महिन्यावर ठेवा, "घोडा सरळ झाला की इतके" असा ठेका घेऊ नका, ठेक्यात घाई होते आणि मार सुरू होतो. प्रत्येक घोड्याची एक वही करा, त्यात वजन, नाडी, लीद, खूर कधी तासलं, लस कधी झाली, आज काय शिकला आणि कुठे घाबरला हे तारखेसकट लिहा, आणि दर महिन्याला ती मालकाला वाचून दाखवा. तीन महिन्यांनी घोड्यात फरक दिसत नसेल तर फी थांबवून आधी डॉक्टरला बोलवा, तोंडापासून खुरापर्यंत सगळी तपासणी परत पहिल्यापासून करून घ्या.